तीळचे ठिपके कुठे गेले? बेंगाल पिल्लाबद्दल विचारायचंय

कृष्णाकाठ, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन आठवड्यांपूर्वी बेंगाल जातीचं पिल्लू आलंय. भाटी आहे, आता १४ आठवड्यांची. घरात पहिल्यांदाच मांजर, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

ब्रीडरबाईंनी पहिला फोटो पाठवला तेव्हा ती जेमतेम तीन आठवड्यांची होती. सोनेरी अंग आणि त्यावर काळेभोर ठिपके, कुणी तीळ वेचून एकेक लावावा तसे. ती घरी यायच्या आधीच नाव ठरलं, तीळ. पुढच्या फोटोंत ठिपके जरा पुसट दिसायला लागले, आम्हाला वाटलं फोटोच हललाय. प्रत्यक्षात ती घरी आली तेव्हा अंगभर राखाडी, उभे, राठ केस. ठिपके आहेत, पण धुक्यातून समोरची झाडं दिसावीत तसे. सांगलीहून आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही तर चुलीच्या राखेत लोळून आल्यासारखी दिसते. आपल्या गल्लीत अशा दहा फिरतात. खोबरेल लावून बघ." तेव्हापासून मनात घोळतंय की आपल्याला साधीच मांजर दिली की काय. ब्रीडरबाई म्हणतात की ही 'फझी' अवस्था आहे, जाईल. जाते का खरंच? किती दिवसांत?

दुसरं स्वभावाबद्दल. पहाटे चारला ओरडते, आणि ते म्याव नसतं, जुन्या वाड्याचं दार करकरावं तसा आवाज असतो. बेसिनमध्ये जाऊन बसते आणि नळाखाली पंजा धरते. फ्रीजच्या डोक्यावरून पडद्यावर उडी मारते. आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. नवऱ्याने कुठेतरी वाचलं की या जातीत जंगली रक्त असतं, तेव्हापासून तो मुलाला तिच्याजवळ एकटं सोडत नाही. कागदावर 'एसबीटी' असं लिहिलंय. जंगली म्हणजे नक्की किती जंगली?

कुणी पाळली असेल तर कृपया सविस्तर सांगा. तिला परत द्यायचा विचार मनात नाही, तो प्रश्नच नाही. फक्त काय आहे ते कळू दे.

पावशेर, एडिसन, न्यू जर्सी

ताई, मी पाळलेली नाही, पण इथे ओळखीच्या एका घरी साधी टॅबी, म्हणजे पट्टेरी मांजर, बेंगाल म्हणून विकली गेली होती, म्हणून लिहितो. नोंदणीचे कागद नीट बघा, आईबापांची नावं आणि नोंदणी क्रमांक त्यात असतात. शक्य असेल तर दोघांचे आत्ताचे फोटो मागा. आणि इकडच्या वाचकांसाठी एक: न्यूयॉर्क शहरात बेंगाल ठेवायला परवानगी नाही. नदीपलीकडे घर बदलणार असाल तर आधी चौकशी करा.

जिरेमोहरी, रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया

कृष्णाकाठ, तू जे वर्णन केलंयस ते शंभर टक्के फझीचं आहे. तुला साधी मांजर दिलेली नाही.

माझ्याकडे २००९ पासून बेंगाल आहेत. आधी लवंग, मग जिरे, आता मोहरीही. जिरे १३ वर्षांची आहे आणि हे लिहिताना माझ्या मनगटावर हनुवटी टेकून बसली आहे. बरीच वर्षं मी एका व्हेटच्या दवाखान्यात काम केलं, तेव्हा अशी राखेत लोळलेली पिल्लं आणि त्यांचे घाबरलेले आईबाप पुष्कळ पाहिले.

बेंगालचं पिल्लू जन्मतं तेव्हा नक्षी स्वच्छ असते. साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात तिच्यावर लांब, फिकट, राठ केस वर येतात. ठिपके जात नाहीत, झाकले जातात. रानात पिल्लं बिळातून बाहेर पडायला लागतात ते याच वयात, आणि तेव्हा पालापाचोळ्यात मिसळून जाणारा धूसर रंग त्यांना वाचवतो. तोच वारसा इथे उतरलाय असं ब्रीडर मंडळी मानतात. बहुतेकांचं १२ ते १६ आठवड्यांत मोकळं व्हायला लागतं, काहींना सहा महिने आणि वरही लागतात. जिरेचे आधी तोंड आणि पाय उजळले, मग पाठ. बरगड्यांवरची राख शेवटपर्यंत हटेना.

तुला आत्ताच बघायचं असेल तर असं कर. हात ओला करून तिच्या मानेपासून शेपटीकडे हलकेच दाबत ने. वरचे राठ केस चिकटून बसतात आणि खालची नक्षी दिसते. मग ती लोळत असताना पोट बघ. बेंगालच्या पोटावर ठिपके हवेतच, आणि तिथे फझी फार दाट नसते. खोबरेल मात्र अजिबात लावू नकोस. ती सगळं चाटेल आणि जुलाब होतील. आईंना सांग, रबराच्या मऊ ब्रशने आठवड्यातून एकदा विंचरलं की पुरे.

नक्षी इथे थांबतही नाही. आत्ता जे भरीव ठिपके आहेत ते पुढे उघडतात. मधे तांबूस आणि कडेने काळं असं फूल होतं, त्याला रोझेट म्हणतात. जिरेला पहिल्या वर्षी उजव्या कुशीवर चार फुलं आली, डावीकडे मात्र नुसते ठिपकेच राहिले. त्या वर्षी मी दर रविवारी खिडकीपाशी तिचा फोटो काढायचे, एकाच जागी, एकाच उजेडात. तूही काढ. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही. संगमरवरी नक्षीच्या, म्हणजे ज्यांना मार्बल म्हणतात त्यांच्या रेषा तर दुसऱ्या वर्षापर्यंत सरकत राहतात. 'स्नो' पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात, त्यांची नक्षी हळूहळू वर येते.

आता आईंच्या "आपल्या गल्लीत अशा दहा फिरतात" याबद्दल. त्यांचं बोलणं वाचून मी खुर्चीत ताठ बसले, कारण त्यात खरोखरच तथ्य आहे.

या जातीची सुरुवात १९६३ साली ॲरिझोनातल्या युमा गावात झाली. जीन मिल, तेव्हाच्या जीन सग्डन, यांच्याकडे लेपर्ड कॅट या आशियातल्या ठिपकेदार रानमांजराची एक मादी होती. त्या काळी अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ही रानमांजरं विकायला असत. ती एकटी पडू नये म्हणून त्यांनी सोबतीला एक काळा घरगुती बोका ठेवला. दोघांचं जुळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पिल्लू झालं, त्याचं नाव किनकिन. पुढे पती वारले आणि ते काम बरीच वर्षं थांबलं.

दुसरा धागा माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावरचा. लोमा लिंडा विद्यापीठातले डॉ. विलार्ड सेंटरवॉल १९७०च्या दशकात लेपर्ड कॅट आणि घरगुती मांजरांचा संकर करत होते, पण नक्षीसाठी नव्हे. मांजरांना होणाऱ्या ल्युकेमियाच्या विषाणूला ही रानमांजर दाद देत नाही का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांच्याकडच्या संकरित माद्या १९८०च्या सुमारास जीन मिल यांच्याकडे आल्या. तोवर जीन कोविनाला, लॉस एंजेलिसजवळ, राहत होत्या. आजच्या बेंगालांची वंशावळ मुख्यतः तिथून सुरू होते. मांजरांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या टिका या संस्थेने १९८६ मध्ये नवी जात म्हणून नोंद घेतली आणि १९९१ मध्ये स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. सीएफए या तशाच दुसऱ्या संस्थेने घेतली ती थेट २०१६ मध्ये.

आणि आता दिल्ली. या संकरात पहिल्या पिढीपासून साधारण तिसऱ्या पिढीपर्यंतचे नर वांझ निघतात. माद्या मात्र फळतात. म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरचा घरगुती बोका लागतो, आणि तो कसा आहे यावर पुढचं सगळं ठरतं. जीन मिल १९८२ मध्ये भारतात गेल्या होत्या. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा एक भटका बोका त्यांना दिसला. तांबूस सोनेरी अंग, गडद ठिपके, आणि उन्हात केस असे चमकायचे की जणू वर्ख लावलाय. त्याला त्यांनी अमेरिकेला नेलं. टोरी ऑफ डेल्ही या नावाने तो वंशावळींत आहे. बेंगालच्या केसांची ती झळाळी, ज्याला सगळे ग्लिटर म्हणतात, ती त्याच्याकडून आली असं मानलं जातं. तेव्हा तुझ्या पिल्लाच्या पणजोबांच्या पणजोबांत कुठेतरी भारतातल्या गल्लीतला बोका असण्याची शक्यता चांगलीच आहे. आईंनी एका नजरेत घराणं ओळखलं, असं त्यांना माझ्याकडून सांग.

आणि हे नुसतं ऐकीव राहिलेलं नाही. २०२४ मध्ये ९४७ मांजरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेंगालमध्ये रानमांजरीचा वाटा सरासरी ३.४८ टक्के निघाला, वंशावळीवरून जेवढा अपेक्षित होता त्याहूनही कमी. काळपट तोंडाचा 'चारकोल' आणि केशरी रंगाची गडद-फिकी छटा, या दोन गोष्टींमागे रानातली जनुकं सापडली. पण ग्लिटर आणि नक्षीशी जोडलेले जे भाग ब्रीडरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडले, ते घरगुती मांजरांचेच. मी ते वाचलं त्या रात्री जिरेला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले होते. पंधरा वर्षं पाहुण्यांना मी सांगत आले होते की बघा, हे जंगल. आणि होती ती मांजरच, आपल्या स्वयंपाकघरात वावरत आलेली.

एसबीटी म्हणजे मागच्या किमान तीन पिढ्यांत फक्त बेंगाल, बाहेरचं कोणी नाही. रानातली आजी त्याच्याही मागे. तुझ्या यजमानांची काळजी मला समजते, पण पहिल्या पिढीचा संकर आणि तीळ यांत फार अंतर आहे. चार वर्षांच्या मुलाला ती खाणार नाही. मुलाला मात्र एक शिकव: हाताने खेळवायचं नाही, काठीला पीस बांधून खेळवायचं. बोटं म्हणजे खेळणं हे एकदा पिल्लाच्या डोक्यात बसलं की मोठेपणी ओरखडे निघतात, आणि मग दोष रक्ताला जातो.

पहाटे चारचं औषध रात्री दहाला असतं. झोपायच्या आधी वीस मिनिटं दमेपर्यंत पळव आणि लगेच खायला घाल. पळणं, पकडणं, खाणं, झोपणं हा तिचा क्रम आहे. चारला ओरडली तर उठू नकोस. एकदा उठलीस की तिला कळतं की हाक लागू पडते. उंच जागा दे, भिंतीला फळ्या लावून. आमच्याकडे मांजरीचं पळायचं चाक आहे, मोहरी त्यावर रोज संध्याकाळी पाऊण तास असते. पाण्याचं म्हणशील तर नळाचा खटका उघडायला ती शिकेल हे धरून चाल. मोहरी शिकली. कामावरून आले तर स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी आणि ही ओट्यावर बसून बघतेय. आता आमचे नळ गोल मुठीचे आहेत. आणि वेळेवर ऑपरेशन करून घे, नाहीतर भाट्याही भिंतींवर मुतून खुणा करतात.

ठिपक्यांपेक्षा मला तुला एक महत्त्वाचं विचारायचंय. आईबापांच्या तपासण्या झाल्यात का? लवंग दोन वर्षांची होती तेव्हा अंधारात दाराच्या चौकटीला धडकायला लागली. डोळे काचेसारखे मोठे दिसायचे, उजेडातही बाहुल्या मिटायच्या नाहीत. डोळ्यांच्या आतला पडदा हळूहळू झिजत होता. या जातीत तो विकार आनुवंशिक आहे, पीआरए-बी म्हणतात. दोन्ही बाजूंनी दोष आला तरच पिल्लाला होतो, म्हणून वाहक आईबाप धडधाकट दिसतात. तेव्हा याची जनुकीय चाचणीच नव्हती, त्यामुळे कुणाला बोल लावायला जागा नाही. आज गालाच्या आतून बोळा फिरवून पाठवला की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेतून उत्तर येतं. तीच गोष्ट पीके या विकाराची, त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि रक्त कमी होतं. हृदयाच्या स्नायूंच्या जाडीसाठी मात्र बेंगालमध्ये जनुकीय चाचणी नाही, हृदयाची सोनोग्राफीच करावी लागते, आणि एकदा करून भागत नाही.

लवंग आंधळी झाल्यावर नऊ वर्षं जगली. घरातली एक खुर्चीही आम्ही जागची हलवली नाही. पाण्याचा आवाज आला की ती जमिनीवरून थेट बेसिनच्या काठावर उडी मारायची, एकदाही चुकली नाही. शेवटच्या वर्षी मीच तिला उचलून ठेवायचे.

कागद मागवून घे. ब्रीडर चांगली असेल तर आनंदाने देईल.

आंबाघाट, कोल्हापूर

जिरेमोहरी काकू, मनापासून लिहिलंत. मी मांजर पाळत नाही, पण तुम्ही ज्या रानातल्या आजीचा उल्लेख केलात ती आमच्या इथे राहते, म्हणून चार शब्द.

लेपर्ड कॅट आपल्या सह्याद्रीत आहे. आमच्या भागात वाघाटी म्हणतात, पण तेच नाव लोक त्याहून लहान अशा रस्टी स्पॉटेड कॅटलाही देतात, त्यामुळे नुसत्या नावावरून कळत नाही कुठली. आकाराने घरच्या मांजराएवढीच, पाय जरा उंच. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून कपाळावर चढत जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा आणि कानामागे पांढरा ठिपका, या तिच्या खुणा. वन्यप्राण्यांची मोजणी करणाऱ्यांबरोबर मी कॅमेरे लावायला जातो. ओढ्याकाठच्या कॅमेऱ्यात ती येते ती रात्रीच, एक-दोन फोटो आणि गायब. इतक्या वर्षांत मी समोरासमोर दोनदाच पाहिली, दोन्ही वेळा मिळून दहा सेकंदसुद्धा नाही.

मला काळजी वेगळीच आहे. ऊसतोडणी सुरू झाली की फडात रानमांजरांची पिल्लं सापडतात. पूर्वी लोक वन खात्याला कळवायचे किंवा तिथेच सोडायचे. आता मोबाईलवर बेंगालचे व्हिडिओ बघून काही पोरं मला फोटो पाठवतात, "दादा, बेंगाल सापडली, किती येतील?" लेपर्ड कॅट आणि रस्टी स्पॉटेड, दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडणं, पाळणं, विकणं, सगळा गुन्हा. त्यात ते पिल्लू घरात सहसा जगतही नाही, खाणं सोडून देतं. सापडलं तर हात लावू नका, तोडणी तेवढ्या जागेपुरती थांबवा, वन खात्याला कळवा. आई रात्री येते आणि मानेला धरून एकेक घेऊन जाते. हे मी कॅमेऱ्यात पाहिलंय. तिसरं पिल्लू न्यायला ती पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी आली होती. आम्ही चौघे बांधावर श्वास रोखून बसलो होतो.

कृष्णाकाठ ताई, तीळ सुखात राहो. तिचा फोटो कुणी इकडे मागितला तर सोबत एवढं नक्की सांगा की ही जात घरात जन्मते, फडात सापडत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. काकू, तुमचं उत्तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं आणि नंतर आईला फोनवर. दिल्लीच्या बोक्याचं ऐकून आई इतकी खूश झाली की शेजारच्या काकूंना बोलावून पुन्हा वाचायला लावलं.

हात ओला करून पाहिलं. ठिपके आहेत! पोटावर तर सतरा मोजले, मग तिने पाय झाडला. ब्रीडरबाईंकडे कागद मागितले, त्यांनी दोन्ही पालकांचे पीआरए-बी आणि पीकेचे अहवाल त्याच संध्याकाळी पाठवले. दोघंही दोन्हींत निर्दोष. हृदयाची सोनोग्राफी आईची झालीय, बापाची गेल्या वर्षीची आहे, ती पुन्हा करणार म्हणाल्या. लवंगबद्दल वाचून मला रडू आलं, काकू.

आंबाघाट दादा, तुमचा मजकूर सांगलीच्या आमच्या नात्यातल्या ग्रुपवर पाठवलाय. तिथे चार जणांचा ऊस आहे.

कृष्णाकाठ, नऊ आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय, कारण काकूंना सांगायचं कबूल केलं होतं.

तीळ आता साडेपाच महिन्यांची आहे. दर रविवारी फोटो काढला, मुलगाच आठवण करून देतो. आधी तोंड उजळलं, जिरेसारखंच. डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी रेघ आली. मग पाठ. बरगड्यांवर अजून थोडी राख आहे. गेल्या रविवारी ती खिडकीत उन्हात लोळत होती आणि पाठीवरचे केस एकदम चमकले, अगदी तुम्ही म्हणालात तसे, वर्ख लावल्यासारखे. मी आईला फोन लावून कॅमेरा तिच्यावर धरला. आई काही वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "दिल्लीवाल्यांची दिसते."

डाव्या कुशीवरचा एक ठिपका मधे तांबूस व्हायला लागलाय. रात्री दहाची धावपळ सुरू केल्यापासून आम्ही सकाळी सहापर्यंत झोपतो. नळ बदलायचा राहिलाय, काल तिने खटक्यावर पंजा ठेवून पाहिलाय. शनिवारी प्लंबर येतोय.

जिरेमोहरी

शनिवारपर्यंत बाथरूमचं दार लावून ठेव. आणि कुशीवरच्या त्या ठिपक्याचा फोटो टाक ना.